बाबांची उचकी

आमच्या घरात उचकीवर पाणी पिणं हा शेवटचा उपाय होता. आधी नावं घ्यायची. कोणाला उचकी लागली म्हणजे कुठंतरी कोणीतरी त्याची आठवण काढतंय, याबद्दल आईच्या मनात तिळभर शंका नव्हती. प्रश्न एवढाच असायचा, की कोण? मग ती हातातलं काम न सोडता एकेक नाव घ्यायची. आधी माहेरचे, मग सासरचे, मग शेजारपाजारचे. ज्या नावाला उचकी थांबली तो माणूस सापडला. लहानपणी मी आवडत्या मावशीचं नाव आलं की श्वास कोंडून धरायची, म्हणजे उचकी तिथंच थांबावी. आई खूश व्हायची. पुढं मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला झटका बसला की उचकी लागते, हे फळ्यावर चित्र काढून दरवर्षी समजावलं. आणि तरी मला स्वतःला उचकी लागली की मनातल्या मनात नावं सुरू व्हायची. ही सवय काही सुटली नाही.

ही गोष्ट ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची. मी सौंसरला खोली करून राहत होते आणि शनिवारी दुपारची शाळा सुटली की बसनं पांढुर्ण्याला आईबाबांकडे यायची. बाबा पांढुर्णा स्टेशनवर काटेवाले होते, म्हणजे गाडी ज्या रुळावर न्यायची तिकडे रूळ फिरवून देणारे. इटारसीकडे जाणारी गाडी असो की नागपूरकडे, ती बाबांच्या हाताखालून जायची. त्या वर्षी होळीच्या आधी ते ड्यूटीवर दोनदा भोवळ येऊन पडले. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता आणि नाडी निम्म्यावर आली होती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना पेसमेकर बसवला.

डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, चपट्या डबीएवढा उंचवटा. तिथून एक बारीक तार शिरेतून हृदयात गेलेली. आमच्या वस्तीत असं यंत्र कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बाबा रजा घेऊन घरी आल्यावर पाहणाऱ्यांची रीघ लागली. एका शेजाऱ्यानं विचारलं, "घड्याळीसारखी चावी द्या लागते का याले?"

"हाव," बाबा म्हणाले. "रोज सकाळी. चावी हिच्याजवळ असते, म्हणून तं हिच्याशी भांडत नाही मी."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही, बहुधा दोन्ही.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तार आत रुजेपर्यंत. रोज सकाळी मनगटावर नाडी पाहायची; यंत्र सत्तरवर लावलं आहे, नाडी त्याच्या बरीच खाली दिसली तर या. आणि चक्कर आली, दम लागला, पायावर सूज आली, छातीत किंवा पोटात काही उडाल्यासारखं वाटलं तर घरी बसू नका. बाबांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि पुढं आपल्या पद्धतीनं पाळलं.

त्यांची पद्धत मला चौदा एप्रिलला, जयंतीला दिसली. आमच्या विहारासमोरचा पंचशील झेंडा दरवर्षी बाबा चढवायचे. त्या वर्षी वंदना झाली आणि दोरी कोणी धरायची यावर लोक एकमेकांकडे पाहत होते तोच हे पुढं. मी गर्दीतून ओरडले, "बाबा, हात वर नेऊ नका म्हटलं ना!"

"वर कुठी नेऊन रायलो? दोरी तं खाली ओढतो मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी, वरून धरून, सपासप दोरी खाली ओढली. दोरी खाली ओढायला आधी हात वर न्यावा लागतो, हे मी त्यांना समजावेपर्यंत झेंडा फडकला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला इतका राग आला, की मी त्या दिवशीचं जेवण न घेता सौंसरची बस पकडली.

आता धाकट्या बहिणीचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही. तिनं दोन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं होतं. मुलगा मोहगावकडच्या एका संत्रावाल्या शेतकऱ्याचा, दुसऱ्या जातीचा, इटारसीला नोकरीत. मुलगा वाईट नव्हता. पण बाबांनी तिला एकच विचारलं होतं, "त्याईच्या घरी मठाले हात लावू देतीन का तुले?" पाण्याच्या माठाला हात लावण्यावरून त्यांनी लहानपणी जे पाहिलं होतं ते आम्हाला कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. धाकटी म्हणाली, "नाही लावू देलं तं मी वेगळा मठ घेईन." ती गेली. बाबांनी त्या दिवशी सांगितलं, की या घरात तिचं नाव निघणार नाही. आणि खरंच निघालं नाही. आई तिच्यासाठी रडायची तेही नाव न घेता.

जयंतीनंतरच्या एका शनिवारी मी घरी आले, तर बाबा खाटेवर आडवे पडलेले आणि आई पोळ्या लाटता लाटता नावं घेते आहे. बाबांना उचकी लागली होती. आवाज थोडाच, पण पोट उडत होतं. वरुडची आत्या झाली. काटोलचे काका झाले. स्टेशनवरचे साथीदार झाले, माझं नाव झालं, मी समोर उभी असूनही. उचकी काही थांबेना. आईचं लाटणं थांबलं.

"मंग एकच रायली," ती म्हणाली आणि तिनं धाकटीचं नाव घेतलं.

दोन वर्षांनी ते नाव घरात ऐकू आलं. बाबा गर्रकन तिच्याकडे वळले, उठून बसले. मला वाटलं आता उशाशी ठेवलेला पेला भिंतीवर जाईल. पण ते नुसतेच बसून राहिले, पोटावर हात ठेवून. उचकी थांबली होती. थोड्या वेळानं आईनं पोळी तव्यावर टाकली आणि बाबा म्हणाले, "भाजी वाढ."

त्यानंतर घरात एक नवलच सुरू झालं. दुपारी जेवून बाबा आडवे झाले की उचकी यायची. आई स्वयंपाकघरातून धाकटीचं नाव घ्यायची, बाबा आवाजाकडे वळायचे आणि उचकी थांबायची. दरवेळी. मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि मी राहायला आले तेव्हा पाहिलं, की आईची गरजच उरली नव्हती. बाबा स्वतःच ते नाव ओठातल्या ओठात घेत होते. एकदा आईला सांगताना ऐकलं, "आज लवकर लागली. सकाळचं काम आटोपलं असन तिचं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. ज्या माणसानं नाव बंद केलं होतं तो रोज दुपारी त्या नावाची वाट पाहत होता. वाटलं, उचकीनं ते केलं जे आईच्या रडण्यानं झालं नाही.

पण मी घरात असल्यामुळे बाकीचंही पाहत होते. बाबा नळावरून बादली आणताना मध्येच कट्ट्यावर बसायचे. डोळ्यांपुढं अंधारी येते का विचारलं तर म्हणायचे, "ऊन लागलं." त्या उन्हात हे खोटं म्हणायची सोय नव्हती, सगळी वस्तीच कैरीचं पन्हं पिऊन आणि खिशात कांदा ठेवून फिरत होती. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. "पाय लोंबकळत ठेवून बसलो म्हणून." बोलता बोलता दम लागायचा. "तू बोलवते किती." प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. फक्त सकाळी नाडी पाहायची वेळ आली की ते मला पाठ दाखवायचे. "पायली. बराबर हाय."

मला खटकली ती मात्र उचकीच. साधी उचकी माणसाला वाट पाहायला लावते. एक येते, मग आपण थांबतो, आता गेली म्हणतो, आणि तेवढ्यात दुसरी येते. बाबांची उचकी तशी नव्हती. ती सुरू झाली की शिलाई मशीनच्या सुईसारखी एका चालीनं चालायची, कमी नाही की जास्त नाही. आणि यायची ती डाव्या कुशीवर असतानाच. आमची खाट भिंतीला अशी लावलेली होती, की डाव्या कुशीवर झोपलं की स्वयंपाकघराकडे पाठ व्हायची. आईच्या आवाजाकडे वळायचं म्हणजे डावी कूस सोडायची. हे लक्षात आलं तेव्हा मी हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उचकी सुरू झाली आणि बाबांचा डोळा लागत होता, तेव्हा मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. पोट त्या एकाच चालीनं उडत होतं आणि नाडी मागं रेंगाळत होती. पोट दोनदा उडायचं तेव्हा बोटाखाली एक ठोका, कधी तोही उशिरा. यंत्र आपलं काम इमानदारीनं करत होतं. हाका मारत होतं. पण तार जागची हलली होती आणि त्या हाका हृदयाला न जाता पोटाच्या पडद्याला ऐकू येत होत्या.

बाबांनी डोळे उघडले आणि हात ओढून घेतला.

"बाबा, तार हालली तुमची. नागपूरले जाऊ."

"मशीन बराबर हाय."

"मंग दाखवा नाडी."

त्यांनी हात उशीखाली घातला. लहान पोरासारखं. मला हसूही आलं आणि संतापही. मी म्हटलं, "चक्कर येते, पाय सुजते, दम लागते. डॉक्टरनं हेच सांगतलं होतं ना? हे उचकी बी त्यातलीच हाय."

बाबा हळू म्हणाले, "मले काय समजत नाही का? बिघडली असन मशीन. असन. पन तिकडं गेलो तं ते उचकी बंद करून टाकतीन."

आई दारात येऊन उभी होती. तिलाही आत्ताच कळलं असावं, की ते जाणूनबुजून गप्प होते. मी चिडले. मी चिडले की मला गप्प बसता येत नाही, अजूनही येत नाही. "म्हणजे तिच्या आठोनीसाठी मराचं हाय का तुमाले?"

"दोन साल झाले," बाबा म्हणाले. "दोन सालात पहिल्यांदा आठोन करून रायली ते."

समोर माणूस बुडत असताना त्याची समजूत सांभाळत बसता येत नाही. मी म्हटलं, "डाव्या कुशीवर व्हा." ते झाले. उचकी सुरू झाली. "आता उजव्या." थांबली. "परत डाव्या." पोट उडायला लागलं. कोणी नाव घेतलं नव्हतं. आईनं तोंडावर हात ठेवला होता. "ते तिकडं इटारसीले बसून तुमची कूस पाहते काय, बाबा?"

बाबा उताणे झाले आणि छपराच्या कवेलूंकडे पाहत राहिले.

"म्हणजे ते नाही करत आठोन."

"असं कुठी म्हटलं मी?"

"मंग काय म्हटलं?"

माझं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं आणि इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. बाबा उठले, खुंटीवरचा सदरा घातला, डावा हात बाहीत जाताना आईनं धरला. "चाल मंग," ते मला म्हणाले. "कोनती गाडी हाय आता?" ज्या माणसाला येणारीजाणारी प्रत्येक गाडी पाठ होती तो मला गाडी विचारत होता.

स्टेशनवर आई आम्हाला बाकावर बसवून एकटीच स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेली. ती कधी अशी कुठं एकटी आत गेलेली मी पाहिली नव्हती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "पाणी प्यायले गेल्ती." गाडीत बाबांना दोनदा अंधारी आली. मी त्यांना उजवीकडे कलतं बसवून घेतलं आणि नागपूर येईपर्यंत मनगट सोडलं नाही.

दवाखान्यात एक्स-रे काढला. तारेचं टोक आपल्या जागेवरून सरकलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "उचकी सुरू झाली तेव्हाच का नाही आलात?"

"नावं घेत होतो जी," आई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या आईनंही तेच केलं असतं." मग त्यांनी बाबांना शांतपणे सांगितलं, की अशी एका चालीची उचकी पेसमेकर बसवलेल्या माणसाला लागली, तर ती तार हलल्याची खूण असू शकते, आणि सोबत चक्कर असेल, नाडी मंद असेल तर एक दिवसही थांबायचं नसतं. "थोडं अजून थांबून ड्यूटीवर गेला असता, तर पुन्हा रुळाजवळच पडला असता." बाबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दाराबाहेर होतं. त्याच दिवशी तार पुन्हा जागेवर बसवली. डावा हात अंगाशी बांधून टाकला, कारण त्यांच्या शब्दावर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवून पडले. उचकी आली नाही. मला इतकं हलकं वाटत होतं, आणि बाबा पोटावर उजवा हात ठेवून वाट पाहावी तसे पडून होते. मी तोंड फिरवून घेतलं.

आणि वॉर्डाच्या दारात धाकटी उभी होती. हातात कापडी पिशवी, डोळे सुजलेले. आई पाणी प्यायला गेली नव्हती. स्टेशनमास्तरांच्या खोलीतून तिनं रेल्वेच्या फोनवर इटारसीला निरोप धाडला होता, आणि तिथल्या काटेवाल्यांनी तो घर शोधून पोचवला होता. आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही, ती मोसंबी सोलत राहिली.

धाकटी खाटेपाशी आली आणि उभी राहिली. बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कशी आहेस, कधी आलीस, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"तू करत होती का माही आठोन?"

आईचे हात थांबले. मी धाकटीकडे पाहत मनात म्हणत होते, हो म्हण, बाई, एवढं एक हो म्हण. पण आमच्या घरात खोटं बोलणं कोणालाच नीट जमत नाही.

"पहिले करत होती," ती म्हणाली. "मंग सोडून देली. दोन साल मी वाट पायली, बाबा. मले एकदाबी उचकी लागली नाही."

तीही आमच्याच घरात वाढली होती. तिकडे, परक्या घरात, पोळ्या लाटताना, पाणी भरताना ती आपल्या उचकीची वाट पाहत होती. आली असती तर एकच नाव घेऊन पाहणार होती. ती आली नाही, म्हणून तिनं ठरवून टाकलं, की बाप आपल्याला विसरला.

बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, बांधलेला हात आड आला. मग ते माझ्याकडे वळले. ज्या गोष्टीसाठी ते माझ्याशी भांडले होते, जीव घालवायला निघाले होते, तिच्यासाठीच आता माझी मदत मागत होते.

"तू शाळेत शिकवते ना," ते म्हणाले. "सांग तिले. उचकीचं काही खरं नसते म्हणून सांग."

मी सांगितलं. छाती आणि पोटामधला पडदा हवेत बोटानं काढून दाखवला, त्याला झटका कसा बसतो ते सांगितलं, तार आणि डावी कूस सांगितली. दोघंही मन लावून ऐकत होते.

"मंग तुमी करत होते?" धाकटीनं विचारलं.

"रोज," बाबा म्हणाले. "इटारसीकडची गाडी सोडाची तवा."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्या खाटेवर बसली, उजव्या बाजूला.